हिस्से तेरा जणांचे, कवेलू कोणाचे?

यंदा मे महिन्यात आमच्या गावच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरले गेले नाहीत. फेरणारा माणूसच मिळाला नाही. जो फेरायचा त्याचे गुडघे गेले, आणि त्याचा पोरगा नागपुरात डिलिव्हरीचं काम करतो. त्यात वानरं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात ज्याचं कवेलूचं घर आहे त्याला वानरांचं सांगावं लागत नाही. दहा-बारांची टोळी या छपरावरून त्या छपरावर उडी मारते आणि आपण खाली बसून फुटलेले कवेलू मोजतो.

घराच्या मयालीवर, म्हणजे मोठ्या तुळईवर, 1956 कोरलंय. त्याच वर्षी विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, हिंदू वारसा कायदा आला, आणि आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कापसाच्या पैशात हे घर बांधलं. पांढरीच्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, मागे गुरांचा कोठा आणि सांदवाडी. पुढे सत्तरच्या दशकातल्या गोष्टी निघाल्या की ते म्हणायचे, "क्विंटलभर कापूस नेला का तोळाभर सोनं येत होतं." लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता आणि सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलंय. बारा क्विंटल विकले तरी तोळा होत नाही.

आबाजींनंतर घर टिकलं ते बाबांच्या पगारावर, आणि मग पेन्शनवर. हे मला फार उशिरा कळलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दरवर्षी अक्षय तृतीया झाली की गडी लावायचे, भिंती लिंपून घ्यायचे, घरटॅक्स भरायचे. कोणाला हिशेब मागितला नाही. आम्हाला वाटायचं घर आपोआप उभं आहे! मीही मास्तरच, पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलो, त्यामुळे त्यांची ती जुनी पेन्शन माझ्या वाट्याला नाही. माझा हप्ता अमरावतीच्या दोन खोल्यांसाठी जातो. मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, नातू पुण्याच्या हिंजवडीत आयटीत आहे. त्याच्या पगाराचा आकडा ऐकून गावात लोक डोळे मोठे करतात. भाडं, गाडीचा हप्ता आणि पोरीची फी जाऊन हातात काय उरतं, ते कोणी विचारत नाही. तो फॅमिली ग्रुपवर म्हणाला, "विकून टाका." त्यावर आमच्या पिढीनं त्याला मातीची ओढ नसल्याचं सुनावलं. मला हे पटलं नाही. त्याच्या वयात माझी ओढही बाबांच्याच खर्चानं चालत होती.

आता कायद्याचं बोलू, कारण खरा घोळ तिथे आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर अजून आबाजींचंच नाव आहे. तो तसा कराचा कागद, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांना वारस आठवले. कागद घेऊन बसलो तर आम्ही तेरा जण निघालो.

आबाजी 1989 साली गेले. घर स्वतःच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. अशा मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या कायद्यानंच दिला होता, 2005 च्या दुरुस्तीची वाट पाहायची गरज नव्हती. गंमत अशी की त्याच कायद्यात कलम 23 होतं. राहत्या घराची वाटणी भावांनी करायला घेतली तरच बहिणीला मागता येई. लग्न झालेल्या, नांदत्या बहिणीला तिथे राहायचाही हक्क नव्हता. हिस्सा तुझा, पण दार आम्ही उघडू तेव्हा! ते कलम 2005 मध्ये गेलं. आमच्या घरातून ते अजून गेलेलं नाही.

आजीही गेली, म्हणजे पाच भावंडांचे पाच सारखे हिस्से. बाबा गेल्यावर त्यांच्या हिश्श्यात आई, मी आणि माझी बहीण. म्हणजे माझा पंधरावा हिस्सा. जागा सारी छत्तीसशे चौरस फूट, त्यातले माझे दोनशे चाळीस. मोठी आत्या हयात आहे, तिचा पाचवा हिस्सा पूर्ण तिचा. माझ्या तिप्पट. आणि आमचं नियोजन काय चाललं होतं? दिवाळीला तिला साडी-चोळी करायची अन् हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. मी पण त्यात होतो, लपवत नाही.

मी फोन केला तेव्हा आत्या म्हणाली, "मी काही हिस्सा मांगून नाही राहिली बापू. पन मले कोनी इचारलं बी नाही."

दरम्यान जुनं लाकूड घेणारा एक जण येऊन गेला. खांब मोजले, दरवाजा वाजवून पाहिला, मातीच्या भिंतीकडे बघितलंही नाही. घराला भाव नाही, सागवानाला आहे. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

माझं मत लिहितो, पटलं नाही तर भांडा. घर काकूच्या आणि तिच्या मुलाच्या नावानं करावं. काका गेल्यावरही ती तिथेच राहिली. सोयाबीनचे पोते तिथेच पडतात, तिथेच गाय बांधली जाते, पावसात टोपलं घेऊन गळक्याखाली तीच उभी राहते. आपण पोळ्याला दोन दिवस येतो, ओसरीवर फोटो काढतो आणि वर बजावतो की वडिलोपार्जित आहे, मोडू नका. टिना टाका म्हणणारे तर फारच पुढचे. काकू म्हणते, "उन्हाळ्यात टिनाखाली शिजून मरू काय?" आमच्याकडचं ऊन पाहता तिचं चूक नाही.

पण आत्याच्या आणि लहान आत्याच्या पोरांच्या सह्या फुकट घ्यायच्या नाहीत. त्यांच्या हिश्श्याचे पैसे सरकारी रेडीरेकनरच्या दरानं द्यायचे, तेही आपण, नोकरीवाल्यांनी. काकूवर तो बोजा टाकायचा नाही. गावच्या जागेचा दर काही हिंजवडीचा नाही. प्रत्येकानं एखाद्या मोबाइलइतके पैसे काढले तर भागतं. आणि ज्याला आपला हिस्सा ठेवायचाच असेल, त्यानं दर मे महिन्यात कवेलूंचे पैसेही पाठवावेत. हिस्सा पंधरावा, तर खर्चही पंधरावा.

हे सगळं परवा रात्री फॅमिली ग्रुपवर टाकलं. निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या. उत्तर एकच आलं, आत्याच्या नातवाचं: "आजी विचारते, पैशाचं पाहू मंग, वानरांचं काय केलं?"