स्किनची किंमत रुपयांत लिहायला यांचं काय जातं?

पैसे घेताय ना? मग किती घेताय ते गेममधल्या स्किनच्या, म्हणजे नुसत्या दिसण्यापुरत्या सजावटीच्या, शेजारी रुपयांत लिहा. मागणी एवढीच आहे, आणि बड्या गेम कंपन्या नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करतात.

बंदुकीला रंग, कॅरेक्टरला कपडे, किल मारल्यावर उडणाऱ्या ठिणग्या हे सगळं विकायला कुणाचीच हरकत नाही. गेम फुकट मिळतो, सर्व्हर चालवायला पैसा लागतो, चीटर पकडणाऱ्यांना पगार द्यावा लागतो, सगळं मान्य. डोकं फिरतं ते भाव झाकून ठेवण्यामुळे. वाण्याने साखरेच्या पोत्यावर किलोचा भाव न लिहिता ‘१७७५ ठिपके’ लिहिलं, आणि ठिपके आधी माझ्याकडूनच विकत घ्या म्हणाला, तर लोक त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. गेममध्ये मात्र हे राजरोस चालतं.

व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमचं बघा. प्रीमियम दर्जाची एक स्किन १७७५ व्हीपीला. व्हीपी म्हणजे रुपये मोजून घ्यायचं गेममधलं चलन. व्हीपीचे पॅक ४७५, १०००, २०५०, ३६५०, ५३५० आणि ११००० चे. आता बसा जुळवत. १००० आणि ४७५ घेतले तर १४७५ झाले, तीनशे कमी. आणखी एक ४७५ चा पॅक घेतला तर १९५०, म्हणजे १७५ उरले. सरळ २०५० चा घेतला तर २७५ उरले. कसेही पॅक जोडा, नेमके १७७५ होतच नाहीत. उरलेल्यात दुसरी बंदुकीची स्किन येत नाही, कारण सगळ्यात खालच्या सिलेक्ट दर्जाचीच ८७५ ला आहे. मग पुढच्या आठवड्यात आवडीची स्किन दुकानात दिसली की वाटतं, थोडेसेच तर कमी पडतायत, आणि पुन्हा पॅक घेतला जातो. हे आकडे कुणाच्या गाफीलपणामुळे असे झालेले नाहीत, ते असे बसवलेले आहेत.

बरं, १७७५ भरून जे हातात येतं ते अर्धवटच. जाहिरातीच्या व्हिडिओत दिसणारा आवाज, रीलोडचं ॲनिमेशन, शेवटच्या किलचा फिनिशर, यांच्या लेव्हल वेगळ्या उघडाव्या लागतात, त्याही रेडियनाइट नावाच्या दुसऱ्याच चलनाने. बऱ्याच प्रीमियम स्किनला लेव्हलमागे १० रेडियनाइट, म्हणजे तीन लेव्हलना ३०. दुसरा रंग हवा तर त्याचे वेगळे. २० रेडियनाइटचा पॅक १६०० व्हीपीला आहे. त्या भावाने ३० रेडियनाइटचे झाले २४०० व्हीपी, म्हणजे स्किनपेक्षा तिचा साज महाग! बॅटल पासमध्ये, म्हणजे खेळत जाऊ तशी बक्षिसं देणाऱ्या पासमध्ये, थोडं रेडियनाइट मिळतं खरं, पण पाससाठीही १००० व्हीपी मोजावे लागतात. रुपयांचे व्हीपी, व्हीपीचं रेडियनाइट, दोनदा चलन बदलल्यावर रात्री अकरा वाजता लॉबीत, म्हणजे मॅच सुरू होण्याची वाट बघत, बसलेल्या कुठल्या पोराला आपण किती रुपये घालवले ते कळणार आहे?

निदान इथे कोणती स्किन मिळणार ते तरी माहीत असतं. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या बंदुकीच्या गेममधल्या केसमध्ये, म्हणजे आत कोणती स्किन आहे ते न सांगणाऱ्या बंद पेटीत, तेही नाही. २०१३ च्या ऑगस्टपासून हा धंदा चालू आहे. ती उघडायची किल्ली २.४९ डॉलरला, म्हणजे दोनशे रुपयांच्या वर, आणि केसचे पैसे वेगळे. २०१७ मध्ये चीनमधल्या नियमामुळे तिथे शक्यता जाहीर कराव्या लागल्या, म्हणून आकडे बाहेर आले: सगळ्यात साधी निळी स्किन ७९.९२ टक्के, सगळ्यात दुर्मीळ चाकू किंवा ग्लोव्हज ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ केसमागे एक चाकू किंवा ग्लोव्हज. नुसत्या किल्ल्यांचेच पाऊण लाखाहून जास्त रुपये! आणि ३८५ उघडल्या म्हणून चाकू मिळेलच असं नाही. दर वेळी शक्यता तीच, ०.२६. त्यामुळे ३८५ केस उघडणाऱ्या शंभरातल्या साधारण ३७ जणांना एकही चाकू मिळत नाही. ‘इतक्या उघडल्या, आता येईलच’ हा हिशोबच चुकीचा आहे. वर केस उघडताना पडद्यावर चाक फिरतं, तेव्हा चाकूचा सोनेरी चौकोन काट्याच्या अगदी शेजारी थांबल्यासारखा दिसतो. निकाल तर चाक फिरण्याआधीच ठरलेला असतो. ते फिरणं फक्त छाती धडधडावी म्हणून.

आणि आधी दाखवणं जमत नाही असं कुणी सांगू नये. फ्रान्समध्ये २०१९ पासून एक्स-रे स्कॅनर आहे, केसमध्ये काय आहे ते पैसे भरण्याआधी दिसतं. त्यातही मेख अशी, की दिसलेली वस्तू घेतल्याशिवाय पुढची केस स्कॅन होत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्या सरळ जुगारात धरल्या. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या १३ डिझाइन-युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात ‘खोटी घाई’ स्पष्ट लिहिली आहे. तरी गेममधल्या बंडलवरचं, म्हणजे एकत्र विकायच्या स्किनच्या संचावरचं, घड्याळ उलटं धावतंच आहे, आणि तीच स्किन काही महिन्यांनी गुपचूप परत येते.

‘स्किन म्हणजे गुंतवणूक’ सांगणाऱ्यांनी २२ ऑक्टोबर २०२५ आठवावा. काउंटर-स्ट्राइकच्या एका अपडेटने पाच लाल, म्हणजे चाकूच्या खालोखाल दुर्मीळ, स्किन देऊन चाकू बनवता यायला लागला आणि चाकूंचे भाव रातोरात कोसळले. शिवाय स्टीम मार्केटवर, म्हणजे हा गेम जिथे मिळतो त्या स्टीम दुकानाच्या बाजारात, विकताना साधारण १५ टक्के कटतात, आणि मिळालेले पैसे स्टीम वॉलेटमध्येच अडकतात, बँकेत जात नाहीत.

‘नको तर घेऊ नका’ हे ऐकून कान किटले. मोठ्या माणसाला म्हणा हवं तर. पण साध्या कपड्यातल्या पोराला लॉबीत ‘डिफॉल्ट’ म्हणून हिणवतात हे दुकान मांडणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. फोर्टनाइट या गेमच्या कंपनीला डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २४.५ कोटी डॉलर परत करायला लावले. बटणांची मांडणी अशी होती की चुकून खरेदी व्हायची, आणि बँकेकडे तक्रार केलेल्यांची खाती कुलूपबंद केली जायची.

म्हणून घरात पोरं फोनवर खेळत असतील तर आजच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन दर खरेदीला पडताळणी चालू करा, आणि फोनमध्ये साठवलेलं कार्ड काढा. नकळत पैसे गेलेच तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याचा अर्ज करा. बँकेकडे थेट तक्रार मात्र सगळ्यात शेवटी करा. गेमचं खातं बंद झालं तर आधीच्या सगळ्या स्किन त्याच्याबरोबर जातात.