फ्लायव्हील लेथवर घासून घेण्याबद्दल खुलासा

‘घरी क्लच बदलताय? मग जुनं फ्लायव्हील लेथवर घासून घ्या, नव्यासारखं होतं,’ असा सल्ला सध्या फिरतोय. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लच दाबला जातो. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

एकसंध, ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील असेल तर पृष्ठभाग घासून सपाट करता येतो. पण कंपनीने ठरवलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ न करता. खोल तडे दिसले तर त्याचा नाद सोडा.

अनेक डिझेल आणि काही पेट्रोल गाड्यांत मात्र ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याचे 2 भाग असतात आणि मध्ये इंजिनाचे झटके पचवणाऱ्या स्प्रिंगा. झिजतात त्या स्प्रिंगा आणि आतलं बेअरिंग. वरून कितीही चकाकी आणली तरी आतला खडखडाट तसाच राहणार. बहुतेक उत्पादक ते घासायला मनाईच करतात. तपासायचं ते वेगळंच: हाताने फिरवल्यावर आणि डुलवल्यावर दोन भागांतली हालचाल मर्यादेत आहे का, ग्रीस बाहेर आलंय का, उष्णतेने निळे डाग पडलेत का. थोडी हालचाल असतेच, तेवढ्यावरून लगेच मोडीत काढू नका.

‘जुनेच बोल्ट चालतात’ हेही त्याच सल्ल्यात आहे. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत आवळताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. हा खर्च वाचवण्यात काय शहाणपण, मला कळलेलं नाही. या बोल्टांपायी गिअरबॉक्स परत उतरवायला लागला की कळेल!