पाहुणा प्राध्यापक गेल्यावर मागे कोण उरतं?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापुरात विज्ञान शिकवायला आणि महापालिकेला सल्ला द्यायला परदेशी तज्ज्ञ बोलवा, असं सुचवणं ही गुलामी वृत्ती आहे, त्यात डॉलर उधळले जातात आणि शाहू महाराजांच्या गावाला हे शोभत नाही.

शाहू महाराजांचे शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर इंग्रज अधिकारी होते. 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम मात्र महाराजांचा स्वतःचा होता. परक्याकडून शिकल्यानं त्यांचा निर्णय परक्याच्या हातात गेला नाही.

पैशाचा मुद्दा रास्त आहे. दोन दिवस यायचं, उद्घाटनाचं भाषण करायचं, शाल-श्रीफळ घ्यायचं आणि निघायचं, असल्या भेटींवर खर्च करूच नये. पण जपाननं काय केलं ते बघा. जोसाया काँडर हे इंग्रज वास्तुविशारद टोकियोच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. 1879 च्या पहिल्या तुकडीतला त्यांचा विद्यार्थी तात्सुनो किंगो पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, परत आला आणि 1884 मध्ये काँडर यांच्याच जागेवर प्राध्यापक झाला. परदेशी शिक्षकांचे पगार भरमसाट होते, म्हणून तर ती जागा आपल्या माणसानं भरायची घाई होती.

परदेशी तज्ज्ञांना छोट्या कोर्ससाठी इथल्या कॉलेजांत बोलवणाऱ्या केंद्राच्या ‘ग्यान’ योजनेत तज्ज्ञाला द्यायच्या रकमेवर 12 ते 14 तासांच्या कोर्सला 8,000 आणि 20 ते 28 तासांच्या कोर्सला 12,000 डॉलर अशी कमाल मर्यादा ठरली होती. एवढ्या तासांत विषय मुरत नाही, म्हणून खरं काम आधी आणि नंतर असतं. समजा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, तज्ज्ञ बोलावला. दीड-दोन महिने आधी त्याला ग्रीन सँडचे, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूचे, रोजचे रिपोर्ट पाठवा: ओलावा, परमिअबिलिटी (वाळूतून हवा-वाफ किती सहज जाते), स्ट्रेंथ. सोबत रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे फोटो. वाळू जास्त ओली आणि परमिअबिलिटी कमी असेल तर वाफेला वाट मिळत नाही, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं, पडतात. हे आकडे समोर नसतील तर तो पाठ्यपुस्तकच वाचून दाखवेल. इथला एक प्राध्यापक पहिल्या तासापासून बरोबर हवा, प्रॅक्टिकल त्यानंच घ्यायचं आणि पुढच्या वर्षी तोच कोर्स एकट्यानं शिकवायचा. हे नाव आमंत्रणाच्या पत्रातच लिहा, नाहीतर पाहुण्याबरोबर विषयही विमानात बसतो.

सरकारी सल्ल्याचं दुखणं वेगळं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी 1956 मध्ये भारत सरकारला संपत्ती कर, खर्च कर, देणगी कर सुचवले, आणि त्याचबरोबर आयकराचा सर्वोच्च दर 45 टक्क्यांवर आणायला सांगितलं. आपण कर आणले, दर तेवढे उतरवले नाहीत. खर्च कर 1962 मध्ये रद्द झाला, 1964 मध्ये परत आला, 1966 मध्ये पुन्हा गेला. अर्धं औषध घेऊन वैद्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पंचगंगेच्या पुराबाबत कुणाला बोलवायचं झालं, तर राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या नोंदी, 39 फुटांची इशारा आणि 43 फुटांची धोका पातळी, हे सगळं हातात द्या. शिवाय वरच्या बाजूच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. ते न कळल्यास तो माणूस विसर्ग आपल्या हातात आहे असं धरून हिशेब मांडेल आणि अहवाल पहिल्या पानापासून चुकेल. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार खातं, खर्च आणि मुदत लिहिलेली असावी. कोणतीही शिफारस गाळायची तर महापालिकेनं तिचं कारण लेखी द्यावं, ही अट करारातच घाला.

राहिला कागदपत्रांचा भाग. टुरिस्ट व्हिसावर मानधन घेऊन शिकवता येत नाही. ‘ग्यान’च्या व्याख्यानांना ई-बिझनेस व्हिसा चालतो. मानधनावर टीडीएस कापावा लागतो, पण त्या देशाशी कर-करार असेल तर सवलत मिळू शकते. त्यासाठी टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी तो त्या देशाचा रहिवासी असल्याचा दाखला, तज्ज्ञाकडून तिकीट काढण्याआधीच मागवा. बिल लेखा विभागात पोचल्यावर धावाधाव केली तर पैसे महिनोन्‌महिने अडकतात आणि पुढच्या वर्षी तो माणूस येत नाही.