गॅलिलिओला कोणी जाळलं नाही

विज्ञान दिन जवळ आला की एक मजकूर फिरायला लागतो. पृथ्वी गोल आहे म्हटल्याबद्दल चर्चने गॅलिलिओला जिवंत जाळलं, मरताना तो म्हणाला ‘तरीही ती फिरतेच’, कोपर्निकसचीही तीच गत झाली आणि चर्च कायमच खगोलशास्त्राचं वैरी होतं. यंदा तो विज्ञानप्रेमींच्याच ग्रुपवर आला आणि कोणी हरकत घेतली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पृथ्वीच्या गोलपणावर वाद नव्हताच. तेराव्या शतकापासून युरोपच्या विद्यापीठांत सॅक्रोबॉस्कोचं पाठ्यपुस्तक शिकवलं जाई, त्यात पृथ्वी गोलच होती. मॅगेलनच्या ताफ्यातलं एक जहाज 1522 मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतलं, तेव्हा गॅलिलिओच्या जन्माला 42 वर्षं अवकाश होता. भांडण होतं ते पृथ्वी फिरते की नाही यावर.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकस स्वतः कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, पदाधिकारी. 1543 मध्ये तो आजारपणात वारला. पुस्तक त्याने पोप तिसरा पॉल याला अर्पण केलं होतं, आणि ‘दुरुस्ती होईपर्यंत’ त्यावर बंदी आली ती 1616 मध्ये.

जाळलं गेलं ते जिओर्दानो ब्रूनो या इटालियन विचारवंताला, रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात, 17 फेब्रुवारी 1600 रोजी. त्याच्यावरच्या आरोपांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व नाकारल्याचे आरोप प्रमुख होते. असंख्य जगं असल्याचं त्याचं मतही त्यात होतं. त्याला निव्वळ खगोलशास्त्राचा हुतात्मा म्हणता येत नाही. विचारांसाठी माणूस जाळला, हे मात्र तितकंच भयंकर राहतं.

‘कायमचं वैर’ हेही खरं नाही. आज आपल्या भिंतीवर असलेलं कॅलेंडर पोप तेराव्या ग्रेगरीने 1582 मध्ये लागू केलेलं आहे. 1611 मध्ये जेझुइट या धर्मसंघाच्या रोममधल्या महाविद्यालयाने गॅलिलिओचा जाहीर सत्कार केला. आणि बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये आजही पाहता येतं: छताला एक बारीक भोक, त्यातून दुपारी सूर्याचा कवडसा फरशीवरच्या 67 मीटर लांब रेषेवर पडतो. खगोलशास्त्रज्ञ कासिनीने ती 1655 मध्ये आखली आणि कवडशाचा आकार वर्षभर कसा बदलतो हे मोजून सूर्याच्या दिसणाऱ्या गतीत खराखुरा बदल होतो या केप्लरच्या अनुमानाला पुष्टी दिली. हे पोपच्याच राज्यात, गॅलिलिओच्या शिक्षेनंतर 22 वर्षांनी.

हे ग्रुपवर सांगितलं तेव्हा लगेच प्रश्न आला, ‘म्हणजे चर्च निर्दोष?’ मुळीच नाही. चूक दुरुस्त करायची ती खरा अन्याय नीट दिसावा म्हणूनच.

1632 मध्ये पृथ्वी फिरते की नाही यावरचं गॅलिलिओचं ‘संवाद’ हे पुस्तक निघालं, तेही लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियनमध्ये. पोप आठवा अर्बन एके काळी त्याचा चाहता. या पोपचाच आवडता युक्तिवाद पुस्तकात सिम्प्लिचिओ या सतत हरणाऱ्या पात्राच्या तोंडी आला. पृथ्वी फिरते म्हणून भरती-ओहोटी होते, हा गॅलिलिओचा पुरावा चुकीचा होता, आणि ताऱ्यांचं पराशय (पृथ्वी फिरल्यामुळे ताऱ्यांची जागा किंचित सरकलेली दिसणं) 1838 पर्यंत कोणालाच मोजता आलं नव्हतं, हे मान्य. पण इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पुराव्यातली उणीव दाखवून विषय संपवला नाही. 22 जून 1633 रोजी रोममधल्या मिनर्व्हाच्या मठात 69 वर्षांच्या माणसाला गुडघे टेकायला लावून त्याचं मत त्याच्याच तोंडून त्याज्य ठरवून घेतलं. न्यायाधीश असलेल्या दहा कार्डिनलांपैकी (चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) तिघांच्या सह्या निकालावर नाहीत. ‘तरीही ती फिरतेच’ हे वाक्य खटल्याच्या कागदांत कुठेच नाही. तिथे ते उच्चारणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं.

नंतर मरेपर्यंत नजरकैद. तीन वर्षं दर आठवड्याला सात प्रायश्चित्त-स्तोत्रं म्हणायची शिक्षाही होती. ती त्याच्या जोगीण लेकीने, मारिया चेलेस्तेने, आपल्या अंगावर घेतली. 1634 च्या वसंतात ती अंथरुणाला खिळली. दुसरा दिवस ती काढणार नाही असं वैद्य सांगत होता, ते ऐकत गॅलिलिओ तिच्या मठातून फ्लॉरेन्सबाहेरच्या आपल्या घरी आला, तर दारी इन्क्विझिशनचा माणूस हजर: फ्लॉरेन्सला परतायची परवानगी पुन्हा मागितलीत तर तुरुंगात नेऊ. लेक गेली.

यांत्रिकीवरचं त्याचं शेवटचं पुस्तक इटलीत छापणं शक्यच नव्हतं. ते 1638 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापून निघालं. प्रत हातात आली तेव्हा त्याची दृष्टी पूर्ण गेलेली होती.