ती पिशवी माझी नव्हती

सर्वात आधी एक नोंद करून ठेवतो. कुरमुऱ्यांची ती पिशवी माझी नव्हती. मोरोक्कोतल्या फेस शहरात, सूफी संगीताच्या मैफलीत, भरलेलं अंगण डोळे मिटून बसलेलं असताना जी कुरकुरली, ती पिशवी चौदा नंबरच्या काकांची होती. मी पंधरा नंबर.

आमच्या सहलीत माणसांना नावं नव्हती, नंबर होते. बसमध्ये चढलं की हजेरी. पत्रकावर छापलं होतं, 'सांस्कृतिक यात्रा, सांगता सूफी महोत्सवात'. त्या 'सांगता' शब्दावर भाळून मी पैसे भरले. कासाब्लांकातल्या हसन दुसरा मशिदीच्या 210 मीटर मिनाराला वीस मिनिटं, व्होलुबिलिसच्या रोमन अवशेषांना चाळीस, आणि गालिच्यांच्या दुकानाला सव्वादोन तास! मेकनेसमध्ये तर फक्त डाळभात खाल्ला. रात्री ज्या ऐसावा या सूफी पंथाचं गाणं ऐकायचं होतं, त्याच्या संस्थापकाची कबर त्याच गावात आहे, हे मला नंतर मोबाइलवर वाचून कळलं. डाळभात बरा होता, पण त्यासाठी कुणी मेकनेसला जातं का?

तर काका. निवृत्त, ठणठणीत, खांद्याला कापडी झोळी आणि झोळीत प्लास्टिकची ती पिशवी. "परदेशात पोटाला आधार हवा," हे त्यांचं तत्त्व. "आणि कुरमुऱ्यांना वजन नसतं, म्हणजे विमानवाल्यांना बोलायला जागा नाही." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

फेसचं जुनं शहर 1981 पासून जागतिक वारसा आहे. आत मोटारी नाहीत, माल सगळा गाढवांवर. गाढववाला मागून ओरडतो, "बालाक! बालाक!" म्हणजे बाजूला व्हा. आमच्या नऊ नंबरच्या काकू कौतुकानं थबकल्या, "बघा ना, या वयात मला बालक म्हणतोय!" पुढच्या क्षणी गॅसच्या चार सिलिंडरांसह गाढव त्यांना घासून गेलं. काकूंचं कौतुक तिथेच आटोपलं.

अल-करावियिन या जुन्या मशीद-विद्यापीठाच्या दाराशी गाइडनं सांगितलं, ही संस्था फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईंनी 859 साली उभारली असं मानतात. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही, दारातूनच डोकवायचं. सगळे गप्प झाले. काकांनी विचारलं, "प्रवेशाला टक्के किती लागतात?"

मग चामडी कमावायचे हौद. चुना, गोमूत्र आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, म्हणून वर गच्चीत जाताना नाकाला लावायला हातात पुदिन्याची काडी देतात. उतरताना सगळ्यांनी आपापल्या काड्या टाकून दिल्या. काकांनी मात्र स्वतःची ठेवली, आणखी तिघांच्या मागून घेतल्या, पानं खुडली आणि कुरमुऱ्यांत मिसळली. "ताजा आहे हो!" त्या पुदिन्यानं सगळी दुपार काय शोषून घेतलं होतं, ते मी बघितलं होतं. इतरांनीही बघितलं असेलच, पण रात्री खुर्ची त्यांच्या शेजारी माझी आली.

2007 पासून इथे हा सूफी संस्कृतीचा महोत्सव भरतो. आम्ही पोचलो तेव्हा मैफल निम्मी झाली होती, कारण गालिचे. आधी एकट्याचा संथ आवाज, मग त्यावर बेंदिर, म्हणजे त्यांचा मोठा डफ. पुढे घैता वाजायला लागली, ती थेट आपल्या सनईची थोरली बहीण. गाणारे खांद्याला खांदा लावून डोलत होते. माझ्या अंगावर काटा आला. आणि नेमका तेव्हाच उजवीकडून आवाज आला, कुर्रर्र.

मी काकांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले, हात पिशवीत. कुर्रर्र. पुढच्या रांगेतल्या फ्रेंच बाई वळल्या आणि काकांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मस्यू! सिल व्हू प्ले!" मी इंग्रजीत म्हटलं की पिशवी माझी नाही. बाईंनी माझ्या मांडीकडे बघितलं. ठेका धरायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून काकांनी पिशवी नुकतीच तिथे ठेवली होती. मी ती उचलून दूर करायला गेलो, तर ती आणखीच कुरकुरली. आता दोन रांगा वळल्या. त्यातल्या एकानं तर तोंडावर बोट ठेवलं. मी बावन्न वर्षांचा आहे. माझ्यासमोर शेवटचं बोट चौथीत कुणीतरी ठेवलं होतं.

काका भजनी ठेका धरून बसले होते. चुकत नव्हते, याचा मला विशेष राग आला. एवढंच नाही, त्यांच्या पलीकडचे जेलाबा, म्हणजे तिकडचा लांब झगा, घातलेले म्हातारबाबा त्यांच्याकडे बघून हसले आणि दोघं एका लयीत डोलायला लागले. मी त्या पंथावर तीन लेख वाचून आलो होतो, पण माझ्याकडे बघून कुणी डोललं नाही. थोड्या वेळानं बाबांनी हात पुढे केला. काकांनी डोळे न उघडता माझ्या मांडीवरच्या पिशवीतून मूठभर कुरमुरे काढून त्यांच्या हातावर ठेवले. बाबांनी खाल्ले, मान डोलावली. पुदिन्याबद्दल सांगावं की नाही, या विचारात माझं एक अख्खं कवन गेलं.

आणि लय चढत चढत टिपेला पोचणार, तेवढ्यात टूर मॅनेजर वाकून रांगेत शिरला. "चला, चला, हॉटेलचं जेवण दहाला बंद होतं." ज्या सांगतेसाठी आठ दिवस गाढवांच्या मागून चाललो, ती पस्तीस मिनिटांत आटोपली. पत्रकात याला 'मुक्त आस्वाद' म्हटलं होतं. हॉटेलात बटाट्याची भाजी होती, गार.

बसमध्ये हजेरी झाली. चौदा, हजर. पंधरा, हजर. मग काकांनी झोळी चाचपली आणि बसभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अहो, माझी पिशवी कुणी घेतली?"

ती माझ्या कोटाच्या खिशात होती. मी हलूसुद्धा शकत नव्हतो. हललो की ती वाजायची.