नासर्डी, गोथेनबर्ग आणि हिरवे रोखे

‘ग्रीन बाँड काढून कंपन्या सुधारतात होय? सातपूरला ये आणि नासर्डी बघ एकदा.’ पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे (ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, त्यावरून घरच्या ग्रुपवर विषय निघाला आणि मामेभावाने, म्हणजे दादाने, एका ओळीत निकाल लावला. तो नाशिकच्या एमआयडीसीत व्हेंडर आहे आणि नासर्डी ही तिथलीच नदी, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. मला मात्र राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. या शहराने २०१३ मध्येच असे रोखे काढले. त्याच वर्षी वासाक्रोनान या इमारती भाड्याने देणाऱ्या स्वीडिश कंपनीनेही काढले. रोखे घेणारे पेन्शन फंड दरवर्षी विचारतात, पैसा कुठे गेला, चौरस मीटरमागे वीज किती लागली. आकडा वाढला की उत्तर द्यावं लागतं. दादा, सुधारणा होते ती या विचारणेमुळे.

हे माझंच मत नाही. कॅरोलिन फ्लॅमर या अभ्यासिकेने २०२१ मध्ये असे रोखे काढणाऱ्या कंपन्या आणि साधे रोखे काढणाऱ्या त्यांच्यासारख्याच कंपन्या ताडून पाहिल्या. हरित रोख्यांनंतर पर्यावरणाचं मानांकन वाढलं, कार्बन उत्सर्जन घटलं. ज्यांनी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली, त्यांच्यात हे ठळकपणे दिसलं. बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दादाच्या बाजूचंही लिहिलंय: नुसत्या ‘हरित’ शिक्क्याने अख्ख्या कंपनीचं उत्सर्जन घटतंच असं नाही. कारण पैसा एका प्रकल्पाला बांधलेला असतो, शेजारची जुनी भट्टी तशीच धूर ओकू शकते. म्हणून मला एनेलची पद्धत जास्त पटते. त्या इटालियन वीज कंपनीने रोख्यांचं व्याज थेट उद्दिष्टाशी जोडलं. २०२३ चं उत्सर्जनाचं उद्दिष्ट हुकलं आणि पाव टक्का व्याज जास्त भरावं लागलं.

कामगारांच्या बाबतीत मात्र हे रोखे जवळजवळ मुके आहेत. इथे ते युनियन बघते, सामूहिक करार असतो. सातपूर-अंबडच्या कंत्राटी पोरांच्या हातमोज्यांची चौकशी कुठलाही हरित रोखा करणार नाही, आणि ही उणीव मला नदीइतकीच खुपते.

राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. ‘तुमच्याकडे चालतं हे’ असं दादा म्हणाला, त्यातलं ‘तुमच्याकडे’ मला लागलं. बाबांच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या. नासर्डी पुढे त्याच गंगेला, म्हणजे गोदावरीला, मिळते. इथल्या व्यवस्थेचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण गोथेनबर्गच्या नदीत घाण आली तर मी तक्रार करीन आणि विसरून जाईन. नासर्डीचा फोटो आला की दोन दिवस कामात लक्ष लागत नाही. मतदान तिथे नाही, घरपट्टी तिथे नाही, आणि तरी गप्प बसवत नाही.

तर दादा, एवढं कर. तू ज्यांना माल देतोस त्यांच्यापैकी कोणी असे रोखे काढले, तर सेबीच्या नियमांप्रमाणे पैसा कशावर खर्च झाला हे त्यांना दरवर्षी जाहीर करावं लागतं. तो अहवाल मला पाठव. मी रात्री बसून वाचतो, प्रश्न लिहून देतो. सांडपाणी कुठे सोडतात हा पहिला. विचारायचं तुला, कारण तू तिथे आहेस.