ली क्वान यू यांनी पाच लाख माणसं मारली नाहीत

‘सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षाने सत्तेवर येताच पाच लाख गुन्हेगारांना गोळ्या घातल्या, भ्रष्ट मंत्र्यांना फासावर चढवलं, आणि मासेमारीचं एक गाव बघता बघता श्रीमंत देश झाला. आपल्यालाही असाच नेता हवा.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. आता तर मावशीनेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली सगळ्यांनी हात जोडले. म्हणून जरा सविस्तर.

पाच लाखांचंच आधी बघा. १९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा तिथली लोकसंख्या एकोणीस लाखांच्याही आत होती. म्हणजे बायकापोरं धरून दर चार माणसांमागे एक मारला असता! हे पुढे ढकलण्याआधी कुणी भागाकारही करू नये? शिवाय ली राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हते. १९५९ ते १९९० ते पंतप्रधान होते.

फाशी तिथे आहे, पण ती खून, अमली पदार्थांची तस्करी, बंदुकीचे गुन्हे यांसाठी. लाचखोरीला नाही. १९६० चा त्यांचा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा उघडून वाचा. लाचेला जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. सरकारी कंत्राट किंवा खासदार गुंतला असेल तर सात. वर दंड, आणि खाल्लेली रक्कम भरायची ती वेगळी. खरा धाक आहे तो पुराव्याच्या कलमांचा. सरकारशी काम असलेल्याकडून सरकारी माणसाने पैसे घेतल्याचं सिद्ध झालं, की ती लाचच धरतात; नव्हती हे आरोपीने दाखवायचं. उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता सापडली तर कोर्ट तीही आरोपाला दुजोरा म्हणून विचारात घेऊ शकतं. लाच गृहीत धरण्याचं कलम आपल्या १९८८ च्या कायद्यातही आहे. ते राबवायला बंदूक लागत नाही.

मंत्र्यांना पाठीशी घातलं नाही, एवढं मात्र मान्य करावंच लागेल. १९८६ मध्ये विकासमंत्री तेह चियांग वान यांच्यावर प्रत्येकी चार लाख सिंगापूर डॉलरच्या दोन लाचांचा आरोप झाला: एक कुणाची तरी जमीन संपादनातून वाचवण्यासाठी, दुसरी सरकारी जमीन मिळवून देण्यासाठी. चौकशी संपेपर्यंत त्यांना भेटायला लींनी नकार दिला. खटला उभा राहण्याआधीच तेह यांनी आत्महत्या केली. ही चौकशी करणारी यंत्रणासुद्धा १९५२ सालची, ब्रिटिशांनी उभारलेली.

मासेमारीचं गाव वगैरे सोडून द्या. ली आले तेव्हा ते मोठं बंदर होतं, ब्रिटिश नौदलाचा तळ होता. झोपडपट्ट्या आणि बेकारी होती, हे खरं. पण उद्योगधंद्यांची घडी बसवली ती अर्थमंत्री गोह केंग स्वी आणि डच अर्थतज्ज्ञ विन्सेमियस यांनी.

दंडुका चाललाच नाही असं नाही. तो चालला विरोधकांवर. १९६३ च्या फेब्रुवारीत, ब्रिटिश आणि मलाया सरकारला सोबत घेऊन, शंभरावर डावे नेते-कार्यकर्ते पकडले गेले. १९६६ मध्ये चिया थाय पोह या विरोधी नेत्याला उचललं. लाच नाही, खून नाही, खटलासुद्धा नाही. १९८९ पर्यंत तो तुरुंगात होता, पुढे सेंटोसा बेटावर स्थानबद्ध, आणि शेवटचे निर्बंध उठले १९९८ मध्ये.